खालच्या घळीतला किडा

तो किडा ज्वारीच्या दाण्यापेक्षाही बारीक होता, आणि त्याच्यापायी मी माझ्या साडूशी जन्मभर मनातल्या मनात भांडत आलो. तोंडानं कधीच नाही. तोंडानं आमचं सदा "या साडूभाऊ, बसा साडूभाऊ" असंच चाललं.

साडू कोण ते आधी सांगतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. माझी थोरली, त्याची धाकटी. म्हणजे मानानं मी थोरला जावई. सासुरवाडी देवगाव फाट्यापासून कोसभर आत. दोघांच्याही घरचा धंदा मेंढरांचा, पण साडूच्या बापानं बोरीला दोन तुकडे जमीन धरली आणि पोराला निजामाच्या शाळेत चार बुकं उर्दू शिकवली. मी जिंतूरच्या डोंगरातला. दुसरीत असताना मास्तरांनी विनाकारण कान पिळला म्हणून शाळेतून उठून आलो, आणि बापानं, चुलत्यानं, खुद्द मास्तरांनी येऊन समजावलं तरी परत गेलो नाही. माझा स्वभाव तसा आहे. त्याची मला लाज नाही.

सासुरवाडीला गेलं की सासरे कचेरीतून आलेला कागद साडूपुढं धरायचे. मी शेजारी बसलेला असायचो. "हे बगा बरं पाव्हनं, काय म्हनायलेत?" साडू टोपी मागं सारून, घसा खाकरून वाचायचा. सासू तेवढ्यात त्याच्या ताटात पुरणाची पोळी वाढायची आणि तूप आधी त्याच्या वाटीत पडायचं. थोरला जावई मी, तूप आधी त्याला. ही गोष्ट बारीक वाटेल. ज्याची वाटी कोरडी राहिली त्याला ती बारीक नसते.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेरीतले कागद हळूहळू मराठीत यायला लागले. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, पडली याची उर्दू अडगळीत. तर या गड्यानं एका पावसाळ्यात बाराखडी घोटून घेतली आणि दसऱ्याला सासऱ्यापुढं मराठी कागदही वाचून दाखवला. तूप परत त्याच्याच वाटीत.

पुढच्या वर्षी भादव्याच्या अखेरीला, मेंढरं डोंगरावर असताना, साडू एका साहेबाला घेऊन माझ्याकडं आला. साहेब म्हणजे शहरातल्या कॉलेजातले मास्तर. अंगानं किडकिडीत, डोक्यावर साहेब लोकांची उन्हाची सोला टोपी, खांद्याला पिशव्याच पिशव्या. जिंतूरला जायच्या वाटेवर त्यांची मोटार बोरीत बंद पडली होती आणि हा तिथं हजर. साहेबांना डोंगरातला पालापाचोळा पाहिजे होता.

"पाला? कशाला, मेंढरं पाळलीत का काय सायबानं?" मी साडूला विचारलं.

"पाल्याखालचे किडे पायजेत त्यायला," साडू म्हणाला. "मी म्हनलं, आमचे साडूभाऊ हायेत डोंगरात. वाट त्येच दावतील."

वाट दाखवायला मी. बाकी सगळ्याला तो. मला तिथंच खटकलं होतं.

तरी मी त्यांना नेलं. त्या डोंगरात कुठं पाणी झिरपतं, कुठली सावली चैतातही ओली राहते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही एका ठिकाणाला खालची घळ म्हणतो. दोन्ही बाजूंनी कातळ, मधे जुना उंबर, सागाचा आणि धावड्याचा पाला वाऱ्यानं येऊन तिथं साचतो आणि वीतभर जाड थर होतो. वरची पानं कोरडी, मधली चामड्यासारखी, तळाची काळी आणि मऊ, कुजून वास मारणारी. साहेबांनी त्यात हात घातला आणि लहान मुलासारखे हसले. "उत्तम," म्हणाले, "अगदी उत्तम!"

त्यांची रीत अशी होती. तारेच्या चाळणीत पाला टाकायचा, खाली पांढरं फडकं अंथरायचं आणि चाळणी हलवायची. फडक्यावर भुगा पडायचा. मग गुमान बसून बघायचं. थोड्या वेळानं भुगा हलायला लागायचा. कोळी, मुंग्या, गोमेची पिल्लं, आणि त्यात मधूनच मुंगीसारखा दिसणारा पण मुंगी नसलेला एक जण सुसाट पळायचा. त्याचे पंख इतके आखूड की अर्धं अंग उघडं, जणू ताग्यातलं कापड कमी पडलेली बंडी घातली आहे. बोट पुढं केलं की शेपूट विंचवासारखं वर उचलायचा. साहेबांना तोच पाहिजे होता. त्यांच्याजवळ दोन नळ्या लावलेली बाटली होती. एक नळी तोंडात धरून ओढलं की किडा दुसऱ्या नळीतून बाटलीत. मग तो स्पिरिटमध्ये टाकायचा आणि वर चिठ्ठी.

चिठ्ठीचं साहेबांना फार. शिसपेन्सिलीनं लिहायची, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. जागा, दिवस, आणि कुणी धरला त्याचं नाव. "ज्या बाटलीत चिठ्ठी नाही ती बाटली माझ्या दृष्टीनं रिकामी," असं ते म्हणाले. आम्हा दोघांना एकेक चाळणी आणि वेगवेगळ्या बाटल्या दिल्या. माझ्या बाटल्यांच्या चिठ्ठ्याही साडूच लिहायचा. मी विचारायचो, "माजं नाव घातलं का?" तो म्हणायचा, "घातलं हो साडूभाऊ." मी कागद डोळ्यांजवळ धरून बघायचो. मला माझ्या नावाची अक्षरं ओळखू यायची, पण त्याचं लिहिणं गिचमिड. त्यानं माझं नाव खरंच घातलं होतं, हे मला पुढं कळलं. पण तेव्हा ते चार दिवस मी पोटात निखारा घेऊन डोंगर चढलो.

घळीत चौथ्या दिवशी साडूच्या फडक्यावर एक किडा निघाला. बंडी तांबूस, बाकी काळा, चकचकीत. साहेबांनी भिंगातून पाहिला, परत पाहिला. एकटाच होता. दिवसभर दोघांनी चाळलं, दुसरा मिळाला नाही.

आता न्याय तुम्हीच करा. आम्हा मेंढरं राखणाऱ्यांत एक चाल आहे. नवं कुरण ज्यानं दाखवलं, त्या कुरणावर पहिला शब्द त्याचा. मागून शंभर जणांची मेंढरं तिथं चरली तरी जागा ओळखली जाते दाखवणाऱ्याच्या नावानं. घळ मी दाखवली. उंबराखालचा पाला उकरा, हेही मीच म्हणालो होतो. फक्त त्या वेळेला चाळणी त्याच्या हातात होती. साहेबांची रीत वेगळी. त्यांच्या रीतीत चाळणी ज्याच्या हातात, किडा त्याचा.

साहेब गेले. मी ते सगळं विसरलोही असतो. पण उन्हाळ्यात सासुरवाडीला मेव्हण्याच्या पोराचं जावळ होतं, सगळा गोतावळा जमलेला, आणि साडूनं कोपरीच्या खिशातून एक पाकीट काढलं. साहेबांचं पत्र होतं. टोपी मागं सारली, घसा खाकरला.

पत्रातला मजकूर मला आजही जवळजवळ पाठ आहे, कारण साडूनं तो त्या दिवशी तीनदा वाचला. साहेबांनी लिहिलं होतं की तुम्ही धरलेला किडा त्यांनी जगभरच्या पुस्तकांत शोधला, मोठ्या मोठ्या विद्वानांना दाखवला, आणि तो आजवर कुणीही लिहिलेला नाही. जात नवी आहे. ती लिहून छापायची आहे, आणि तिचं नाव तुमच्या आडनावावरून ठेवायचा त्यांचा मानस आहे. मात्र मिळाली ती मादी आहे. एक तरी नर पाहिजे. या किड्यांची जात पक्की ओळखायची ती नरावरून, त्याच्या शेपटाखाली खाच असते तिच्यावरून. नर न मिळाला तर छापता येणार नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर ते परत येतील.

सासरे म्हणाले, "म्हंजे आपलं आडनाव किड्याला?"

"आपलं न्हवं, ह्येंचं," सासू म्हणाली आणि साडूच्या पाठीवरून हात फिरवला. "आता समद्या दुनियेत वाचतील."

एक म्हातारा म्हणाला, "किड्याला नाव दिल्यानं काय व्हतंय? मला ढेकणाला तुजं नाव द्यावं वाटायलंय." सगळे हसले. साडूही हसला. मला हसू आलं नाही, कारण त्या हसण्यातही मानच होता. परत येताना बायको गाडीत म्हणाली, "घळ तुमीच दावली होती ना वो?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाईत तितं?"

मी काय बोलणार होतो! सगळ्यांपुढं "घळ माझी" असं ओरडायचं, म्हणजे भिकाऱ्यानं हात पसरल्यासारखं झालं असतं. मी बैलाला विनाकारण एक पराणी मारली.

यानंतरचं जे लिहितो ते बायको सोडून कुणाला सांगितलेलं नाही. साडूला सांगायची गरज पडली नाही.

पुढचा पावसाळा झाला. साहेब आश्विनात येणार असं साडूनं कळवलं. त्याच्या आधीचे नऊ दिवस मी माझं मेंढरांचं सगळं खांड दुपारच्या विसाव्याला खालच्या घळीत नेलं. मेंढरं दुपारी एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून, दाटीनं उभी राहतात. सव्वाशे मेंढरं, त्यांचे पाचशे पाय, लेंड्या, मूत. वीतभर जाडीचा पाला नऊ दिवसांत काळा चिखल झाला. उंबराच्या मुळ्या उघड्या पडल्या. नवव्या दिवशी मी काठीनं तो चिखल उकरून पाहिला. त्यात शेणकिडे होते, माशांच्या अळ्या होत्या. आखूड बंडीवाला एकही नव्हता. मला समाधान वाटायला पाहिजे होतं. थोडं वाटलंही, खोटं कशाला लिहू.

पण मी एक गोष्ट केली होती जी कुठलाही मेंढरं राखणारा करत नाही. ओल्या जागेत कुणी खांड उभं करत नाही. खुरं नासतात. आमच्या घरात जन्मलेल्या चार वर्षांच्या लेकरालाही ते कळतं, आणि मला साडूच्या रागात ते दिसत असून दिसलं नाही. साहेब यायच्या दिवसापर्यंत आठ मेंढरं लंगडायला लागली होती. बायको खुरं धुऊन कडुलिंबाचा पाला लावत होती. खुरातली घाण काढून माझ्या पायाजवळ टाकायची.

साहेब आले. सोबत साडू, नवी बंडी, नवं धोतर. मी वाट दाखवायला पुढं. घळीत उतरलो आणि साहेब जागच्या जागी थांबले. मग चाळणी काढली. संध्याकाळपर्यंत चाळलं. तो चिखल चाळणीतून खालीच पडेना. शेवटी ते कातळावर बसले, टोपी काढली आणि रुमालानं कपाळ पुसत राहिले.

"कुणी बसवल्या इथे मेंढ्या?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. रागानं विचारलं असतं तर मी तोंड वर करून सांगितलं असतं, मी बसवल्या, डोंगर माझा आहे. पण ते इतक्या हळू बोलले की माझी जीभ उचलली नाही.

साडू खाली बसून खुराचा एक ठसा बघत होता. उठला, हात झटकले. "परमुलखातली खांडं उतरत्यात साहेब ह्या दिसात," म्हणाला. "त्यायला काय ठाव हितलं."

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

परत वाड्याशी आलो. वाडा म्हणजे आमचा मेंढरांचा मुक्काम, जाळी लावलेली. साहेब पाणी पीत होते. साडू जाळीपाशी उभा राहून मेंढरं बघायला लागला. तोही त्यातच जन्मलेला.

"साडूभाऊ, मेंढरं लंगडायलीत तुमची."

"खडा लागला असंल."

"आठबी मेंढरायला एकच खडा लागला व्हय?"

त्यानं एक मेंढी धरली, पाय उचलून खुराचा वास घेतला आणि सोडून दिली. "चुना लावा," म्हणाला. "नुसत्या पाल्यानं भागनार न्हाई." आणि साहेबांकडं गेला.

त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर हिशेब फिटला असता. त्यानं साहेबांना खरं सांगितलं असतं तर मी त्याला जन्मभर चुगलखोर म्हणालो असतो आणि सुखानं झोपलो असतो. त्यानं दोन्ही केलं नाही. मला झाकलं आणि वर औषध सांगितलं. त्या दिवसापर्यंत मला त्याच्या वाचण्याचा हेवा होता. त्या दिवसापासून माणूस म्हणूनही तो माझ्या वर गेला, आणि मला ते बघवेना.

साहेबांनी आणखी दोन दिवस इकडं तिकडं चाळलं. काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीनं देवगाव फाट्यावरून जायचं ठरलं. साडू त्यांना पोचवायला जाणार होता.

माझ्या डोक्यात पहिल्यापासून एक होतं. खालच्या घळीच्या वर, झऱ्याच्या उगमापाशी, आणखी एक घळ आहे. वरली घळ. तिथं चढायला वाट नाही, कातळाला धरून जावं लागतं. मेंढरं जात नाहीत म्हणून मी ती कुणाला दाखवली नव्हती. तिथंही उंबर आहे, तिथंही पाला साचतो. किडा कुठं असला तर तिथंच असणार. साहेबांना सांगितलं तर साडू सोबत येणार, चाळणी त्याच्या हातात जाणार, आणि नर निघाला की नाव त्याचं पक्कं. न सांगितलं तर किडा छापला जाणार नाही आणि नाव कुणाचंच नाही. दोन दिवस मी हेच घोळत होतो. मग तिसरा रस्ता सुचला. एकट्यानं जायचं. नर माझ्या हातानं निघाला तर साहेबांना नावाचा विचार करावाच लागेल.

तिसऱ्या दिवशी उजाडताच मी बायकोला म्हणालो, "ज्वारीची चाळन दे."

"काय करायलाव तिचं?"

"किडे धरायचेत."

"माज्या चाळनीत किडे?" ती म्हणाली. "आन् मग भाकरी कशाची खाताव?" पण तिनं दिली. वर आपलं जुनं पांढरं लुगडंही दिलं, फडकं म्हणून. कुठं जायलाव ते विचारलं नाही.

वरल्या घळीत ऊन पोचलं नव्हतं. मी पाला चाळला. पहिल्या तीन चाळण्यांत नुसत्या मुंग्या. चौथ्यात तो निघाला. तांबूस बंडी, शेपूट वर. मग आणखी एक. नळीची बाटली माझ्याजवळ नव्हती. बोटाला थुंकी लावून उचलले. नर कुठला आणि मादी कुठली हे भिंगाशिवाय कळणं शक्य नव्हतं, म्हणून पाच धरले. पाचांत एक तरी नर निघेलच, आमच्या कोकरांत निघतो तसा. आदल्या वर्षीची एक बाटली मी साहेबांना परत केली नव्हती, तळाशी थोडं स्पिरिट शिल्लक होतं. पाचही त्यात टाकले.

मग चिठ्ठी. पेन्सिलीचा तुकडा मी खिशात ठेवला होता. कातळावर कागद ठेवून माझं नाव लिहिलं. दुसरीतली अक्षरं, तीस वर्षांनी. एकेका अक्षराला दम लागला. नाव झालं. आता जागा. 'वरली घळ' हे मला लिहिता येईना. 'व' जमला, 'र' जमला, पुढं काय करायचं ते आठवेना. 'घ' कसा काढतात? डोळ्यांपुढं येत होता आणि हातात येत नव्हता. मी कागदावर तीनदा पेन्सिल टेकवली आणि उचलली. साहेबांचं बोलणं कानात होतं, चिठ्ठी नसलेली बाटली रिकामी. नुसत्या नावाची चिठ्ठी म्हणजेही रिकामीच. कोणी धरला हे आहे, कुठं आणि कधी धरला हे नाही.

मी तिथं कातळावर बसलो आणि मला मास्तरांनी पिळलेला कान आठवला. त्या वेळी परत गेलो असतो तर, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

डोंगर उतरून फाट्यापर्यंत धावत गेलो असंच म्हणा. मोटार आली नव्हती. साहेब झाडाखाली पेटीवर बसले होते, साडू शेजारी उभा. मी बाटली साहेबांच्या हातात दिली. त्यांनी भिंग काढलं. एक बघितला, बाजूला केला. दुसरा. तिसऱ्याला ते उठून उभे राहिले.

"नर!" म्हणाले. "हे बघा, खाच बघा!" भिंग त्यांनी आधी मला दिलं. ही एक गोष्ट मी साहेबांची कधी विसरलो नाही. आधी मला. मी पाहिलं. शेपटाच्या खालच्या कडेला खाच, आम्ही ओळखीसाठी कोकराच्या कानाला मारतो तशी, पण कुणी सोनाराच्या हातानं मारल्यासारखी.

"कुठे मिळाले?"

"वरल्या घळीत."

त्यांनी चिठ्ठी पाहिली. माझं नाव आणि पुढं 'वर'. चिठ्ठी आणि पेन्सिल साडूकडं दिली. "जागा आणि आजचा दिवस लिहा यावर."

साडूनं कागद पेटीवर ठेवला. माझ्या नावाकडं बघत राहिला. माझी अक्षरं वाकडी, त्याला हसायला मोकळी जागा होती. तो हसला नाही. माझ्या 'वर'ला जोडून त्यानं पुढचं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "वरली घळ, झऱ्याच्या उगमापाशी, उंबराखाली. बरोबर का साडूभाऊ?"

"बरोबर."

मग मी थांबलो. आता त्यानं म्हणावं, साहेब, नर ह्यांनी धरला, नाव ह्यांचं ठेवा. मी त्याच्या जागी असतो तर म्हणालो असतो असं मला त्या वेळी वाटत होतं. आता इतक्या वर्षांनी खात्री नाही. साहेबही एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. त्यांनाही ते सुचलं असावं. साडूनं चिठ्ठीची घडी केली, दोनदा केली, बाटलीत सरकवली, बूच लावलं. खाली बघत राहिला. मला झाकणाऱ्या माणसाला नाव मात्र सोडवलं नाही. मोटार आली.

छापील कागद यायला तीन-चार वर्षं गेली. तोवर आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला होता. कागद इंग्रजीत, साडूच्या पत्त्यावर. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मला ते कळल्यावर जरा बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. बोरीच्या हायस्कुलातले एक सर त्याच्या ओसरीवर आले आणि त्यांनी वाचून अर्थ सांगितला. मीही होतो. साडूनं मुद्दाम निरोप धाडून बोलावलं होतं.

किड्याच्या नावात साडूचं आडनाव होतं, पुढं लॅटिन शेपूट जोडलेलं. मग रंग, डोकं, मिशा, पायांची बोटं, बंडीवरच्या खळग्यांच्या ओळी. ज्वारीच्या दाण्याहून बारीक जीव आणि त्याच्यावर दोन पानं. खाचेचं चित्रही होतं, तळहाताएवढं मोठं केलेलं. मग सर म्हणाले, "नर, वरची घळ, अमुक यांनी धरला." अमुक म्हणजे मी. माझं नाव इंग्रजीत छापलेलं. सरांनी बोट ठेवून दाखवलं. मी त्या अक्षरांवरून नख फिरवलं.

"आणि खाली एक टीप आहे," सर म्हणाले. "मादी जिथे मिळाली ती पहिली जागा पुढे मेंढ्या बसवल्यामुळे नष्ट झाली. तिथे ही जात पुन्हा आढळली नाही."

सरांना काही ठाऊक नव्हतं. ते पान उलटत होते. त्या कागदात मी दोनदा होतो, एकदा नावानिशी आणि एकदा बिननावाचा, आणि बिननावाचा जो होता त्याला ओळखणारा माणूस माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता.

"चहा घ्या सर," साडू म्हणाला. "गार व्हायलाय."

त्यानंतर मी लिहायला शिकलो. मेंढरामागं, पाटीवर, नातवाच्या वयाच्या पोरांची पुस्तकं मागून. 'घ' पहिल्यांदा काढला. हे जे लिहितो आहे ते त्या जिद्दीवरच. साडूपेक्षा माझं अक्षर आता चांगलं आहे. कुणीही बघावं.

खालच्या घळीत मी परत कधी मेंढरं नेली नाहीत, दुसऱ्या कुणालाही नेऊ दिली नाहीत. यावरून दोघांशी मारामारी झाली. दरवर्षी आश्विनात बायकोची चाळण घेऊन जायचो. पाला साचत गेला, आधी बोटभर, मग चार बोटं. सासुरवाडीला भेट झाली की साडू विचारायचा, इतरांना ऐकू जाणार नाही असं, "खालच्या घळीत दिसला का?" कागदात लिहिलेलं खोटं ठरावं असं त्यालाही वाटत असावं. मी म्हणायचो, "न्हाई."

सात वर्षं ते 'न्हाई' खरं होतं. आठव्या वर्षी दिसला. फडक्यावर पळाला, बोट पुढं केलं तर शेपूट उचललं, तांबूस बंडी. मी त्याला धरला नाही. पाल्यात सोडला आणि वरून चार पानं टाकली. त्या दिवाळीला साडूनं विचारलं आणि मी म्हणालो, "न्हाई." त्याच्याजवळ नाव होतं, कागद होता, तुपाची वाटी होती. एवढं एक माझ्याजवळ राहू द्यावं असं वाटलं. पुढं दरवर्षी विचारत गेला आणि मी दरवर्षी तेच सांगत गेलो.

आता साडूला दिसत नाही. दोन्ही डोळे गेले. बोरीला ओसरीवर बाजेवर बसून असतो, आणि घरात आलेला कागद मी गेलो की मीच वाचून दाखवतो. मागच्या पंधरवड्यात गेलो तेव्हाही विचारलं त्यानं. "दिसला का साडूभाऊ?" माझ्या तोंडात नेहमीचं उत्तर आलं आणि मी तेच दिलं. त्यानं मान हलवली. "मेंढरायचं लय वाईट झालं तवा," म्हणाला. "खुरायचं." इतक्या वर्षांत एवढं एकदाच बोलला.

घरी येऊन मी हे लिहायला बसलो. पुढच्या खेपेला हे त्याला वाचून दाखवणार आहे, खालच्या घळीत नेलेल्या मेंढरांसकट. आणि शेवटी साहेबांच्या रीतीनं चिठ्ठी लिहितो, म्हणजे कुणी रिकामी म्हणणार नाही. जागा, खालची घळ, उंबराखाली. दिवस, आश्विन, दसऱ्याच्या आधी. धरला कुणी, कुणीही नाही. पाहिला मी.

नाव मात्र त्याचंच राहिलं. ते मला आजही सहन होत नाही.